शिळफाट्याची खडी

डायघरला माझ्या शेडसमोर पिकअप थांबली,
मागे एक बुटका ट्रेलर,
त्याचा समोरचा पत्रा असा ठेचलेला
की कुणी रात्रभर बसून
त्यावर सुपाऱ्या फोडल्या असाव्यात.

शब्बीर उतरला. म्हणाला, वामनशेठ,
दगड दुसरं कुणी मारत नाही. माझेच टायर फेकतात.
खरं होतं. क्वारीचे डंपर वळणावर सांडतात
बोटाच्या पेराएवढी खडी,
ती मागच्या चाकांच्या नक्षीत अडकते,
साठच्या वेगाला सुटते
आणि मागून इमानानं येणाऱ्यालाच
आधी गाठते.

आत मेहताब होती.
पांढरी, वय अकरा, लग्नसराईत
महिन्याला वीस-बावीस नवरदेव पाठीवर घेणारी.
फटाके, बेंजो, पायात येणारे मामे,
सगळं सोसून उभी राहते म्हणून कामोठ्यापर्यंत मागणी.
आता मात्र कान पाडून
समोरच्या पत्र्याकडे बघत होती,
ज्या घरातून एकदा कुत्रं अंगावर आलं
त्या घराकडे आपण बघतो तशी.

मी वेल्डर. मला एकच उत्तर येतं.
तीन एमएमची प्लेट, अँगलची चौकट,
रेड ऑक्साइडचे दोन हात, वर करकरीत निळा.
अठ्ठावीसशे घेतले. मनात म्हटलं,
आता तोफगोळा येऊ दे.

चार दिवसांनी शब्बीर परत.
प्लेटवर ओरखडा नाही.
पिकअपची मागची काच मात्र जागेवर नव्हती,
बीडिंगमध्ये नुसते खडीसाखरेसारखे दाणे.
महाप्याच्या उतारावर एक दगड
माझ्या प्लेटवर आपटून
आला तसाच परत फिरला होता.

मी जाडी सांगत राहिलो, कोन सांगत राहिलो,
प्लेट तिरपी करू, काचेला जाळी मारू.
पुढच्या सीटवर मांडी घालून
बोरं खात बसलेली त्याची नाझिया
बी थुंकून म्हणाली,
काका, तिला दगड लागतच नाहीत.
आवाज लागतो.

तेव्हा मी ट्रेलरमध्ये चढलो.
लिदीच्या आणि भिजल्या हरभऱ्याच्या वासात
मेहताबच्या जागेवर उभा राहिलो, तिला बाहेर बांधून,
आणि शब्बीरला म्हटलं, मार. मूठभर मार.

पंचवीस वर्षं मी पत्र्याच्या हातोड्याकडच्या बाजूला उभा आहे.
दुसऱ्या बाजूला कधी गेलो नव्हतो.

प्लेट कापून काढली. पैसे परत दिले, सगळे नाही.
क्वारीतून झिजलेला कन्व्हेयर बेल्ट आणला,
ज्याच्या पाठीवरून हीच खडी आयुष्यभर गेली होती,
त्याची झालर पिकअपच्या मागे लावली,
रस्त्यापासून वीतभर वर.
आणि ट्रेलरच्या तोंडाशी, आडव्या दांडीवर,
घरातली जुनी गादी, कापसाच्या गाठी झालेली, ताडपत्रीत शिवून.
आधी चारी कोपरे आवळून बांधले. दगड उडाले.
मग खालच्या दोऱ्या सोडल्या,
वाळत घातल्यासारखी लोंबू दिली.
दगड आला, आत शिरला,
धप् म्हणाला
आणि खाली पडला.

कळंबोलीपर्यंत मी तिच्याजवळ उभा राहून गेलो.
पोलिसानं पाहिलं असतं तर दंड झाला असता.
शिळफाटा. धप्. महापे. धप्, धप्.
तुर्भ्याला तिनं तोबऱ्यात तोंड घातलं.
एक कान तेवढा समोरच होता,
शेवटपर्यंत.

उतरल्यावर नाझियानं ताडपत्रीच्या दुमडीतून
सतरा खडे काढले, मोजून,
एक खिशात टाकला. कशाला ते विचारलं नाही.

संध्याकाळी शेडवर आलो तर
जयेश अँगल सरळ करत होता,
ठण् ठण् ठण्, समोरच्या चाळीत कुणाचं तरी
बाळ रडत होतं, रोजच रडत असणार.
म्हटलं, जयेश, जरा थांब.
खाली पोतं घाल.