कायमचा पत्ता

रकाना सातवा : कायमचा पत्ता.
थाव्रीमावशी विचारते,
कायमचा म्हणजे किती महिन्यांचा?

मी काचेच्या या बाजूला, टाय लावून, पंख्याखाली.
ती त्या बाजूला, कापडी पिशवी पोटाशी धरून,
पिशवीला प्राहोकचा वास,
आंबवलेल्या माशाचा, सात पाण्यांनी धुतला तरी न जाणारा.
मागचा माणूस उगाच नाक पुसतो.

तिचं घर सोळा निळ्या पिंपांवर तरंगतं.
वर बांबू, त्यावर पत्रा,
पडवीत तीन कोंबड्या, फुटक्या घमेल्यात मिरचीचं रोप.
पाणी चढलं की ती घर ओढून काठाकडे आणते,
ओसरलं की पुन्हा आत नेते.
वर्षातून पाच वेळा, कधी सहा.
शेजार बहुतेक तोच राहतो.
इथली नदी दरवर्षी काही महिने उलटी वाहते,
तिला कुणी कागद मागत नाही.

तोन्ले साप.
आमच्या भाषेत साप म्हणजे अळणी.
चावत नाही.

आतून साहेब ओरडतात, अरे, गल्लीबिल्ली काही असेल, विचार.
नाही.
वीजबिल?
गाडीच्या बॅटरीवर एक दिवा आहे.
जमिनीचा उतारा?
ती हसते. मलाच लाज वाटते.

पैसे मात्र आहेत.
दूधपावडरचा डबा, आत तांदूळ,
तांदळात पुरलेल्या नोटा, रबर लावून, दमट.
कर्ज नको मला, ती म्हणते, नुसते ठेवून घ्या.
मागच्या वादळात असाच एक डबा गेला.
डबा गेला असं ती म्हणत नाही,
तीन वर्षं गेली म्हणते.

त्या तीन वर्षांनंतर जाळ्यासाठी तिनं होउरकडून उचल घेतली.
होउरची मोटारबोट दर गुरुवारी येते.
धुक्यात येते, काळोखात येते,
आदल्या रात्री घर हलवलं असलं
तरी सकाळी बरोब्बर तिच्याच पडवीला दोर टाकते.
त्याच्याकडे फॉर्म नाही, रकाने नाहीत.
त्याला घर सापडतं.
आम्हाला सापडत नाही.

एक गोष्ट मी साहेबांना सांगितलेली नाही.
माझी नाळही पाण्यातच पडली,
असल्याच पिंपांच्या घराखाली.
नोकरीच्या अर्जावर मी मामाचं घर लिहिलं,
दगडी पायरीचं, पोस्टाजवळचं.
त्या घरात मी एकदाच झोपलोय, तापात.
कायमचा पत्ता म्हणून ते आजही
माझ्या नावापुढे उभं आहे.

रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही.
बाण नुसता लुकलुकत राहतो.

थाव्रीमावशी डब्याचं झाकण दाबते,
तळहातानं, चारी बाजूंनी, दोनदा.
पाणी चढलं की येते, म्हणते,
तेव्हा मी तुमच्या जवळ असते.