भिंतीवरचं पेव

बारावीआधीचा मे.
विश्रामबागेतून सायकल काढून
रोज सकाळी सातला हरिपूर.
कॅरियरला ब्रश, कालचं रंगलेलं फडकं
आणि पिशवीत आलेखाच्या कागदावर आखलेलं चित्र:
चौकोन मोजून सूर्य, चौकोन मोजून झाड,
खाली 'स्वच्छ गाव, सुंदर गाव'.
संस्थेच्या आरवाडे मॅडम म्हणाल्या होत्या,
"वीस दिवस, अठरा मुलं, एक भिंत.
शेवटी प्रमाणपत्र.
मुलांना हात लावू दे,
पण बिघडू देऊ नकोस."

मी बिघडू दिलं नाही.
चार दिवस.

मी पेन्सिलनं आखायचे, ती आत भरायची,
रेषेबाहेर गेलेला हिरवा मी नखानं खरवडायचे.
बिरू म्हणाला, "ताई, हे तर तुमचंच चित्र झालं की."
मी ऐकलं नाही असं दाखवलं.
त्यानं ब्रश धुतला, नीट उभा ठेवला
आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.
त्याच्यामागून आणखी तिघं.

पाचव्या दिवशी पिवळा संपला.
डबा उलटा केला, झाकणाची साय निघाली तेवढीच.
नवा डबा सोमवारी, मॅडमचा निरोप.
तमन्नाची आई हळदीच्या गोदामात निवडायला जाते;
तमन्नानं फ्रॉकच्या खिशातून पुडी काढली,
झाडलोटीची हळद, त्यात थोडी माती, सुतळीचे धागे.
पाण्यात कालवून मी अर्धा सूर्य भरला
आणि बघता बघता
माझा मोजून काढलेला सूर्य
कडेकडेनं लाल होत गेला.

माझे हात थांबले. मुलं लोळायची बाकी होती.
"ताईऽ, चुन्याची भिंत हाय की ही!
चुन्यावर हळद लालच होती.
कुंकू कसं करत्यात म्हाईत न्हाई व्हय?"

रसायनशास्त्रात मला ब्याण्णव होते.

त्या हसण्यात बिरू कधी परत आला कळलं नाही.
कठड्यावर बसून म्हणाला, "आमच्या आज्ज्याचं पेव काढू."
पेव?
"खड्डा. जमिनीत. हळद ठेवायचे त्यात.
वरनं तोंड एवढंसं, आत खोलीएवढं.
उघडलं की लगेच उतरायचं न्हाई,
आतली हवा वाईट असती.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं न्हाई."
आता कुठंय ते?
"पाणी शिरलं पुरात. मी नव्हतो तवा."

उभ्या भिंतीवर आडवा खड्डा कसा काढायचा
हे माझ्या एकाही चौकोनात नव्हतं.
कोळसा आला, तव्याची काजळी आली.
छकुली म्हणाली, आत हळद असते, मग काळा कशाला?
प्रज्योत म्हणाला, झाकण लावलं की काळाच असणार.
दोन दिवस भांडण.
मी शिडी धरून उभी.

झाड गेलं त्यात. 'सुंदर'मधला 'सुं' गेला.
सोमवारी डबा आला, दुकानातला चकचकीत पिवळा.
तो फक्त कंदिलाच्या ज्योतीला लागला,
तमन्नाच्या करंगळीनं, एकदाच.

बिरूचा आज्जा बघायला आला.
भडंगाची पुडी खाऊन होईपर्यंत बघत राहिला.
पुडीचा कागद घडी घालून खिशात ठेवला,
म्हणाला, "दोरी आखूड पडली."

मग दोरी वाढली.
भिंत संपली, तरी वाढली.
खडूनं कट्ट्यावरून, पायरीवरून,
नळाच्या ओल्या चौथऱ्याला वळसा घालून.

प्रमाणपत्रावर 'वेदीका' छापलंय.
मॅडमनी फोटो काढला तो वरच्या कोपऱ्याचा,
लाल सूर्याचा; त्यांना तो मावळतीचा वाटला.
मी काही बोलले नाही.

शेवटच्या दिवशी निघाले तेव्हा
अठराही जण उकिडवे बसले होते रस्त्यात,
दोरी माझ्या सायकलच्या चाकापर्यंत आलेली.
छकुलीनं मान वर न करता हातानंच खूण केली,
सरका.

मी सायकल उचलून
पलीकडे ठेवली.