एकोणपन्नासचा थर

मुस्तयार्वच्या बर्फाला भोक पाडायला
वीस मिनिटं लागतात, गिरमिट धारदार असेल तर.
यंदा नव्हतं.
विर्वेनं दोन शिव्या हासडल्या, मग खाली सोडली
कोरडा बर्फ आणि स्पिरिट भरलेली पोकळ पाचर.
तळातला गाळ तिला चिकटून गोठला,
पोरानं थंडीत लोखंडाला जीभ लावावी
आणि ती तिथंच अडकावी, तसा.

वर आल्यावर दिसल्या रेघा.
फिकट वसंताची, काळपट हिवाळ्याची,
फिकट, काळपट,
बोटाच्या एका पेरात दहा-बारा वर्षं.

एंदेल काठावर, हात कोटात.
मागे त्याच्या सौनाच्या धुराड्यातून धूर.
सकाळपासून गप्प होता, आता म्हणाला,
"एकोणपन्नास साल यात कुठं?"
विर्वेनं वरून मोजत बोट खाली नेलं,
एका रेघेपाशी थांबवलं.
तो वाकून बघत राहिला.
रेघ इतर रेघांसारखीच होती.

पुढचं काम माझं. आम्लात वाळू विरते,
उरतं ते नखावर मावेल एवढं.
पाइनचा कण ओळखायला सोपा,
दोन फुगे, उंदराच्या कानांसारखे.
भूर्जाला तीन भोकं.
विर्वे बजावते: झाडं खरं बोलतात असं समजू नकोस.
पाइन बढाईखोर, एकाचे दहा सांगतो.
लिंडेन मधमाश्यांच्या भरवशावर,
तिची साक्ष पाण्यापर्यंत क्वचितच पोचते.
ज्याचा त्याचा स्वभाव वजा करून मग जंगल मांडायचं.

तसं ते मांडलंय आम्ही, दुसऱ्या लांब नळीतून.
अगदी तळाशी गवत आणि गुडघ्याएवढा भूर्ज,
हिमनदी नुकतीच उठून गेलेली.
मग हेझल, एल्म, आजच्याहून उबदार उन्हाळे.
मग एल्म ओसरतो, का ते नक्की कुणालाच माहीत नाही.
बऱ्याच वर येते राय, आणि तिच्या मागोमाग
तिच्यातच उगवणारं निळं रानफूल.
सतराशे दहाच्या आसपास राय जवळजवळ नाहीशी:
युद्ध, त्यामागून प्लेग.
मग हळूहळू परत.

एंदेल सहा वर्षांचा होता त्या मार्चमध्ये.
शेजारच्या गावी मावशीकडे, गोवर निघालेला,
म्हणून यादीतल्या तीन नावांपैकी
ट्रकमध्ये दोनच चढली.
हे त्यानं मला सौनात सांगितलं,
तापल्या दगडांवर पाणी टाकता टाकता.
वाफेत तोंड दिसत नाही.

पन्नास सालच्या रेघेत राय निम्म्यावर.
एक्कावन्नमध्ये आणखी कमी, आणि आग्या वाढलेला,
तो अंगाला झोंबणारा,
जो माणसं उठून गेलेल्या अंगणात आधी येतो.
मग आल्डर. मग भूर्ज, भूर्ज, भूर्ज.
हे अपेक्षित होतं.

एकोणपन्नासची काचपट्टी मी तीनदा मोजली.
राय भरपूर. अठ्ठेचाळीसपेक्षा चार कण जास्तच.
मला वाटलं, रेघा मोजण्यात आपण चुकलो.
विर्वेनं माझ्याकडे शहरातल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.
"हिवाळी राय. पेरतात सप्टेंबरात,
फुलते जूनमध्ये."

आम्ही त्याला फोनवर सांगितलं, जपून:
वारा कुठूनही आणतो,
हे कण तुमच्याच शेतातले असं म्हणता येत नाही,
तळं लहान आहे एवढंच, त्यामुळे जवळचे अधिक.
त्यानं सगळं ऐकून घेतलं.
मागे कुत्रा भुंकत होता.
"म्हणजे पेरून गेली होती," तो म्हणाला.

मग विचारलं, गिरमिटाला धार लावून ठेवू का,
पुढच्या फेब्रुवारीत याल ना,
बर्फ हल्ली उशिरा धरतो.