चौथा ठोका

दोंडाईच्याला मिरची बाजाराच्या मागे माझं दुकान,
रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो,
आणि पडद्याआड अंड्यांचे ट्रे ठोकलेली खोली,
दोन गोधड्या, एक माईक.
तिथे भटू लोटन बडगुजर पहिल्यांदा शिंकला.
ती शिंक अजून आहे माझ्याकडे,
तारीख टाकून ठेवलेली.

पुढे तो 'बी-टू' झाला.
नाव बदललं नाही म्हणायचा,
भटूचे दोन तुकडे केले, एवढंच.

सतराव्या वर्षी सुरतेला गेलेला, उधन्यात लूमवर.
तिथे गाणं कुणी शिकवत नाही.
यंत्र एकच वाक्य बोलतं रात्रभर,
दोरा तुटला की तेवढाच श्वास.
तापी इथून तिकडे मुकाट जाते,
मी बोलत बोलत परत आलो, म्हणायचा.

लोटनबाबा वही म्हणायचे,
कानबाईच्या रात्री, डफ मांडीवर.
जिनिंगमध्ये दोन बोटं गेली
तेव्हापासून चौथा ठोका जरा मागे राहायचा,
वरातीत चप्पल शोधत राहिलेल्या आत्यासारखा.
पोराचं ऐकून म्हणाले,
"हाऊ गाणं म्हणस का भांडस?"
"दोन्ही, आबा."
म्हातारा विचारात पडला.
"मंग डफ कोण वाजाडस?"

हेडफोन त्यांनी टोपीवरूनच घातला.
एका दमात वाजवलं, चहा मागितला, गेले.
रात्री मी पडद्यावर ठोके रेषेत लावत बसलो.
चौथा नखभर पुढे ओढला.
भटू मागे उभा होता, मला ठाऊक नव्हतं.
"मना बाप जठे उशीर करस,
तठेच ऱ्हाऊ दे."

सारंगखेड्याच्या यात्रेत ट्रॉलीवर उभा राहून म्हटलं त्याने ते,
दत्तजयंतीची थंडी, घोडेबाजार भरलेला.
खालून बास असा आला
की एका काळ्या घोडीने दावं तोडलं
आणि ठरलेला सौदा मोडला.
व्यापारी आजही भटूला शिव्या घालतो, नावानिशी.

वहीवाले म्हणाले, ही वही नाही.
पुण्याची पोरं म्हणाली, हे रॅप नाही.
शिरपूर ते नवापूर डीजेवाल्यांना कुणी विचारलंच नाही,
ते वाजवत सुटले.

मग मुंबईची कंपनी. गाणी हिंदीत,
अहिराणी शेवटी, लिंबाएवढी.
चामडी टोपी दिली, भाड्याचा घोडा आणला,
आपल्या माणसाने बसण्याआधी त्याचे दात पाहिले.
ते काही त्यांनी दाखवलं नाही.
ठोके सगळे सरळ, इस्त्री केलेले.
बारा लाख लोकांनी पाहिलं.
लोटनबाबांनी एकदा पाहिलं,
"चांगलं शे," म्हणाले
आणि मोबाईल पालथा ठेवला.

पौषात ते गेले.
भटूने करार संपेपर्यंत तोंड उघडलं नाही,
मग परत माझ्या खोलीत, त्याच गोधड्या.
आता सिझनला तीस कार्यक्रम, एक जुनी बोलेरो,
मोठा झाला का म्हणाल तर
पेट्रोलपंपावर पोरं फोटो काढतात,
हवा मात्र स्वतःच भरावी लागते.

गेल्या महिन्यात चिमठाण्याला लग्न होतं.
बँडने त्याचंच गाणं धरलं.
पॅड वाजवणारा विशीतला पोरगा,
लोटनबाबांना त्याने कधी पाहिलेलं नाही,
बोटं दहाच्या दहा शाबूत,
तरी चौथा ठोका त्याने थांबवून, मागून आणला.
नाचणारे सगळे एक पाय वर धरून उभे.

मी भटूकडे पाहिलं.
तो पंगतीत बसला होता, खाली मान घालून,
आणि शेवभाजीचा वाढपी त्याच्यासमोर
तिथेच थबकलेला,
डाव हवेत,
रस्सा टपकतोय.