अर्धंच निघतं

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ट्रक अडखळायचा,
समोरच्याचं नाव ऐन वेळी न आठवल्यासारखा,
मग धसका देऊन पुढे.

शेजारचे मर्ल हॉस्टेटलर कुंपणावरून म्हणाले,
एक लाख ऐंशी हजार मैल,
आणि गिअरचं तेल एकदाही बदललं नाही?
मग आता हातही लावू नकोस.
जुन्या तेलात झिजल्याचा गाळ असतो,
त्या गाळावरच पकड टिकून असते.
स्वच्छ केलंस की घसरेल.

हे ते गिअरबॉक्सबद्दल बोलत होते.
मीही तेवढ्यापुरतंच ऐकायचं ठरवलं.

ट्रक अच्युतचा. अच्युत गेला, ट्रक राहिला.
गेला म्हणजे तसा नव्हे हो,
विचिटाला गेला, कामाला,
आणि मग तिथलाच झाला.
कागद माझ्या नावावर करून दिले त्यानं,
किल्लीला त्याचं बाटलीचं ओपनर अजून तसंच.

ऑक्टोबरातला रविवार. सलायनात वारा असतोच,
आज मात्र गव्हाच्या कोठारांमागे दबा धरून बसलेला.
पुढची चाकं रॅम्पवर, मागच्यांना विटा,
खाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मी.

ह्या पॅनला खाली बूचच नाही.
ज्यानं बनवला त्याला वाटलं असेल,
घरी कोण उघडणार आहे?
सोळा बोल्ट. एका कडेचे ठेवायचे,
बाकीचे काढत यायचं,
आणि पॅन आपणहून कलेपर्यंत धीर धरायचा.
मी धरला नाही.
कोपर, कान, पुठ्ठा, एक वीट,
सगळ्यावर काळपट तपकिरी, करपलेल्या पावाच्या वासाचं.
मर्ल पलीकडे पानं गोळा करत होते.
एक शब्द बोलले नाहीत,
त्याबद्दल त्यांचे आभार.

पॅनच्या तळाशी चुंबक,
चुंबकावर राखाडी चिखल, लोण्यासारखा.
दोन बोटांत चोळून पाहिला.
कोठारात गव्हाचा ओलावा मोजायची नोकरी माझी,
चिमटीवर भरवसा ठेवायची सवय.
कणी लागली नाही.
म्हणजे मोडलं काही नव्हतं,
नुसतं झिजलं होतं.
चकत्या इतकी वर्षं अंगाला अंग लावून फिरल्या
तर एवढं निघायचंच.

जेवढं निघालं तेवढंच भरायचं,
म्हणून दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये मोजलं,
पुठ्ठ्यानं प्यायलं ते अंदाजानं धरलं.
पाच क्वार्ट.
आत मावतं अकरा.
उरलेलं कन्व्हर्टरच्या पोटात राहतं,
तिथपर्यंत असा हात पोचत नाही.
खरं सांगू? मला बरं वाटलं.

नवा फिल्टर, नवं गॅस्केट,
बोल्ट आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे,
मर्लच्या पान्यानं.
मी मागितला नव्हता, कुंपणावर ठेवलेला दिसला.
नवं तेल खोकल्याच्या औषधासारखं लाल,
नरसाळ्यातून उतरताना इतकं सावकाश
की मी तेवढ्यात हात धुऊन आले,
आणि पुन्हा माखले.

मग इंजिन सुरू, ब्रेकवर पाय,
पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, परत उलटं,
प्रत्येक घरात पाच आकडे मोजत.
डिपस्टिक पुसली, घातली, काढली.
लाल नाही. काळंही नाही.
कोरा चहा उन्हात धरावा, तसं काहीतरी.

क्रॉफर्ड रस्त्यानं निघाले.
पहिला. दुसरा.
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर
अडखळला.
थोडा कमी.
की मीच कान तसे लावले.

शेजारच्या सीटवर दुधाचे दोन कॅन,
एक काठोकाठ, एक तळाशी,
सांडू नयेत म्हणून पट्टा लावलेला.
पार्टवाल्याकडे जुनं तेल फुकट घेतात.
दुकान डावीकडे गेलं,
म्हटलं, उद्या.