पाकिटातलं बी

कॉलेजच्या वनस्पती-संग्रहात माझं काम सुईदोऱ्याचं.
वाळलेलं झाड जाड कागदावर टाके घालून बसवायचं,
उजव्या कोपऱ्यात लेबल,
दर सहा महिन्यांनी कपाटात डांबरगोळ्या.
एकोणतीस वर्षांत बोटांना एवढंच कळलं
की देठ कुठे मोडतो आणि कुठे नुसता वाकतो.

वटकर सर गेले, त्यांच्या घरून तीन खोकी आली.
दोनांत अंजनेरी :
कारवी, सोनकी, तेरडा, आभाळी,
आणि कंदीलपुष्पाच्या अकरा शीट,
प्रत्येकीवर सरांची तीच तक्रार,
'दाबल्यावर कंदील उरत नाही.'

तिसऱ्यात परदेश.
आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाचा डोंगर,
जिथे पाऊस थंडीत पडतो
आणि उन्हाळा तोंड कोरडं करून निघून जातो.
लोकरी पानांची एक चिवट फांदी,
तिच्या कुशीत कागदी पाकीट. बिया नऊ.
वर पेन्सिलीत :
'मुंग्या पुरून ठेवतात. वरून वणवा गेला की धुरानं जागं होतं.'

चांगुणा लचकेला हे सांगितलं.
अंजनेरीची वाट तिच्या टाचेत आहे.
म्हणाली, धुरानं तर माणूसपण जागं होतं, त्यात काय!
आमची खरपुडी तसली नाही, ती फक्त मिरगाचं ऐकते.
शिमग्याच्या आसपास कोणीतरी गवताला काडी लावतं,
पठार काळंठिक्कर,
ही खाली कंद होऊन पडलेली,
ना आगीला ओ देत ना आमच्या शिव्यांना.
लहानपणी उकरून खायचो. जराशी गोड.
आता मोजतो.

मग तिनं फुलाचं सांगितलं,
चिलट नळीत उतरतं, आत केस असे वळलेले
की जाता येतं, निघता येत नाही.
रात्रभर कोठडी.
सकाळी केस मरगळतात, दार उघडतं,
चिलट अंगावर पराग घेऊन पुढच्या कोठडीकडे.
'अक्कल येत नाही त्याला,' ती म्हणाली, 'म्हणून तर चाललंय.'

मी नियमात न बसणारं एक काम केलं.
पाकिटातल्या तीन बिया घरी नेल्या, मखमलाबादला.
उपड्या घमेल्याखाली काटक्या धुमसत ठेवल्या,
धूर पाण्यात मुरवला,
दारणेच्या वाळूत बिया आणि वरून ते काळपट पाणी.
ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर. मी कुंडी विसरले.

डिसेंबरात अवकाळी आला.
शेजारच्या बागेत रात्री दोनला बॅटऱ्या,
प्लास्टिक ओढणाऱ्यांची आरडाओरड, मणी तडकल्याचा आंबट वास.
द्राक्षही मूळचं तिकडचंच, कोरड्या उन्हाळ्याचं.
इथे त्याला झोपू देत नाहीत,
एप्रिलला एकदा कापतात, ऑक्टोबरला पुन्हा.

आणि आठवड्यानं कुंडीत
दोन जाडसर पानं, मधे वाळूचा कण उचललेला.
सगळं गाव ज्या पावसाला शिव्या देत होतं
तो या एका बियाच्या हिशेबात वेळेवर आला होता.
मला झालेला आनंद
मी त्या गल्लीत कोणालाच सांगितला नाही.

चांगुणाला सांगितला.
ती पहिलं हेच म्हणाली, 'वर आणू नको हां.
रानमोडीपण कोणाच्यातरी कुंडीतनंच आली असेल.'
नाही आणलं.

मे त्यानं काढला, मजेत.
मिरग लागला तसं मुळाशी कुजलं,
चार दिवसांत काळी काडी.
त्याच आठवड्यात तिचा फोन,
मागे वारा, शब्द अर्धे :
निघाली... सतरा... मागच्या साली तेरा होती.
मी कुंडी हातात धरून 'बरं झालं' म्हणाले,
आणि ते खरंच होतं.

काडी दाबली, वाळवली, सहा टाके.
लेबल :
नाशिक, मखमलाबाद. कुंडीत. वय सहा महिने.
कारणाचा रकाना आमच्या लेबलात नसतो.
मी मागच्या बाजूला लिहिलं, पाऊस.

उरलेल्या सहा बियांचं पाकीट पुन्हा डकवताना
सरांची ओळ तशीच ठेवली.
'जागं होतं'च्या पुढे फक्त एक शब्द जोडला,
माझ्या अक्षरात :
थंडीत.