तिसरा बंपर

पहिला शाळेपुढच्या ब्रेकरवर गेला.
दुसरा, फायबरचा, पांदणीत.
नथ्थू मिस्त्रीनं ट्रॉलीची पट्टी मारून जोडला, म्हणाला,
"इतकी बुटकी गाडी घेतली कायले बापा?
इच्याखालून कोंबडीबी जात नाही."

तिसरा नागपूरहून आणला.
दुकानदारानं गुडघ्यावर वाकवून दाखवला:
वाकते, पण तुटत नाही.
मी घासाघीस केली नाही.
एसटीत आडवा धरून बसलो,
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

ब्रेकरसाठीच्या अर्जावर
पहिली सही माझीच आहे.
पोरगी तेव्हा पहिलीत होती.
आता ती पुढं उभी राहून हात दाखवते,
"तिरपी घ्या बाबा, तिरपी... हळू..."

खर्रकन आवाज येतो.
आम्ही दोघंही
वाकून पाहतो.